दळवीकाकांच्या फळ्यावरची तारीख

"अगं, लिफ्ट बंद आहे म्हणे. फळ्यावर लिहिलंय. तू बाळाला घेऊन रिक्षातच थांब, मी आधी फ्रिज वर पाठवतो."

चेंबूरहून आमच्या मुलुंडच्या सोसायटीत राहायला आलेले पाटणकर गेटपाशी फोनवर हे बोलत होते, तेव्हा मी दुधाची पिशवी घेऊन त्यांच्यामागे तीन फुटांवर उभी होते. लिफ्ट चालू होती. मी दोन मिनिटांपूर्वी तिनेच खाली उतरले होते. हे मी त्यांना सांगू शकले असते. वाक्य मनात तयारही केलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत, आणि मराठीत 'अहो' म्हणावं की 'अंकल' इथे अडले. तोवर टेम्पोबरोबर आलेल्या चार माणसांनी दोन दारांचा तो फ्रिज दोराने बांधून पहिला मजला गाठला होता.

पाचव्या मजल्यावर त्यांनी फ्रिज टेकवला आणि समोरच्या लिफ्टचं दार उघडून देसाईबाई बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." पाटणकर जे म्हणाले ते दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात ऐकू आलं.

फळ्यावर लिहिलं होतं, 'बी विंगची लिफ्ट बंद. जिना वापरावा. आत देसाईबाई आणि एक कलिंगड. दीड तासाने दोघंही सुखरूप बाहेर.' पाटणकरांनी पहिली ओळ वाचली आणि ते कामाला लागले. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख होती. दिवस आजचाच होता, महिना आजचाच. वर्ष मात्र दहा वर्षांपूर्वीचं.

"काका, हे काय आहे?" पाटणकर खाली येऊन म्हणाले.

तळमजल्याच्या पायरीवर हाताचा खडू पुसत बसलेले दळवीकाका म्हणाले, "आधी तारीख वाच."

"अहो, ही दहा वर्षांपूर्वीची आहे."

"मग? खोटं लिहिलंय काय? विचार देसाईबाईंना. कलिंगडाला विचारता येणार नाही, ते त्याच दिवशी खाल्लं."

दळवीकाका पेंटर. म्हणजे भिंती रंगवणारे नव्हेत, पाट्या लिहिणारे. भांडुप ते मुलुंड त्यांनी दुकानांचे बोर्ड लिहिले, टॅक्सीच्या नंबरप्लेट लिहिल्या, दवाखान्यांच्या पाट्या लिहिल्या. "या मुलुंडातल्या अर्ध्या लोकांना डॉक्टर मी केलं," असं ते सांगतात. पुढे फ्लेक्स आला आणि ब्रश घरी बसला. अजूनही रस्त्यात कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दिसला की ते थांबतात, अंगठा पुढे धरून, एक डोळा मिटून अक्षरांची मापं घेतात आणि "आई गेली याची" एवढंच म्हणून पुढे जातात. हे वाढदिवसवाल्याला उद्देशून नसतं, वेलांटीला असतं.

पहिला लॉकडाऊन उठल्यावर गेटजवळचा रिकामा फळा त्यांनी ताब्यात घेतला. पहिल्या दिवशी पिवळ्या खडूत, कोरून काढल्यासारख्या अक्षरात मजकूर आला, 'आपण वर्ल्ड कप जिंकलो. कुलकर्णी आनंदाने गच्चीवर नाचले. गच्चीचं दार बाहेरून कुणीतरी लावलं. कुलकर्णी सकाळपर्यंत नाचले.' लोक जमले. कुलकर्णी आता पंचाहत्तरीचे आहेत. ते म्हणाले, "हे खरं आहे, पण आत्ता का?"

"बातमी मुरायला दहा वर्षं लागतात," काका म्हणाले. "ताजी बातमी म्हणजे कच्चं लोणचं. पोट बिघडतं."

तेव्हापासून रोज सकाळी सातला एक बातमी. फळ्यावर घरोघरी सेट-टॉप बॉक्स नव्याने आले. 'आजपासून डब्याशिवाय टीव्ही नाही. नाईकांच्या आजी डब्याला हळदकुंकू वाहून बसल्या. तरी चित्र येईना.' मग सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. 'पहिल्याच दिवशी सगळ्यांनी सगळ्यांना गुड मॉर्निंग केलं. जिन्यात भेटल्यावर कोणी कोणाशी बोललं नाही.' मग, 'ए विंगच्या पोरांनी डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेतलं. कशासाठी ते विचारलं, त्यांना सांगता येईना. टाकी मात्र रिकामी झाली.' त्यातला एक पोरगा आता सीए आहे. तो ती बातमी आली त्या दिवशी दुपारपर्यंत घराबाहेर पडला नाही. मग, 'जोशींचा जावई काठी घेऊन आला. काठीच्या टोकाला फोन. सगळे काठीकडे बघून हसले.'

लहान मुलं हे वाचून आपल्या आईबापांकडे संशयाने बघू लागली. मोठी माणसं संध्याकाळी आठवत बसत, बरोबर दहा वर्षांपूर्वी आपण काय केलं होतं बरं. पार्किंगवरून झालेलं एक विसरलेलं भांडण फळ्यावर आलं आणि ते दोघं पुन्हा तीन दिवस भांडले. चौथ्या दिवशी फळ्यावर त्यांच्या समेटाची बातमी आली, म्हणून नाइलाजाने थांबले. काकांचा मूड चांगला असला तर ते पुढचा अंदाजही देत. "नोटबंदी नोव्हेंबरात आहे. लॉकडाऊनला अजून चार वर्षं आहेत, तोवर हिंडून घ्या."

एका गोष्टीवर मात्र ते ऐकत नसत. वर ठळक 'दहा वर्षांपूर्वी आज' असं लिहा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. "ते शब्द लिहिणार नाही," असं ते म्हणत. का, ते सांगत नसत.

फ्रिजनंतर मीटिंग झाली. पाटणकरांच्या कमरेत उसण भरली होती, त्यामुळे ते उभं राहूनच बोलले आणि त्यांचं म्हणणं जास्त गंभीर वाटलं. आमच्या सेक्रेटरी कांबळे मॅडम बँकेतून निवृत्त झाल्यात, त्या पाच मिनिटांत विषय संपवतात. फळा काढायचा, तिथे स्क्रीन लावायची. ठराव झाला. मग प्रश्न आला, काकांना सांगणार कोण.

"सायली सांगेल," कांबळे मॅडम म्हणाल्या.

मी मीटिंगला फक्त आईच्या जागी खुर्ची अडवून बसले होते.

"ती बोलतच नाही. न बोलणाऱ्यावर ते ओरडणार कसे? पत्र दे आणि ये."

काकांचं घर बी विंगच्या तळमजल्यावर, गेटसमोर. त्या घरात मी दहा वर्षांत पाय ठेवला नव्हता. त्याआधी एक वर्ष रोज जात होते. दहावीला मला मराठीची धास्ती होती आणि सुमनकाकू, म्हणजे दळवीकाकू, मला खिडकीशी बसवून शिकवायच्या. मेथी निवडता निवडता. मला आकडे यायचे नाहीत. "सदतीस म्हणजे चाळीसला तीन कमी गो," असं म्हणून त्या काड्या मोजून दाखवायच्या. शिकवताना त्यांची नजर गेटवर असे आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर हळू आवाजात एकेक वाक्य. मी हसू दाबून व्याकरण लिहायची.

अलीकडे काकू बाहेर पडत नाहीत, त्यांना विसरायला होतं, एवढं मला ऐकून माहीत होतं.

दार काकांनी उघडलं. काकू खिडकीशीच बसल्या होत्या. त्यांची वेणी काकांनी घातली असणार, कारण भांग शिरोरेषेसारखा सरळ होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चेहरा उजळला.

"सायली ना गो? रिझल्ट कधी तुझा?"

मी सव्वीस वर्षांची आहे. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं. मी ते मुठीत झाकलं.

काकांनी मला स्वयंपाकघरात नेलं, पत्र वाचलं, अक्षर कसं आहे ते बघून नाक मुरडलं आणि फळीवरून एक डायरी काढली. विमा एजंट वाटतात तशी, एका दिवसाला एक पान. अक्षर मी लगेच ओळखलं. काकूंचं.

"तुला काय वाटलं, मी लिहितो?" काका म्हणाले. "मला अक्षर येतं, मजकूर येत नाही. मजकूर जन्मभर गिऱ्हाईकाचा. हे सगळं हिचं. खिडकीत बसून रोज लिहायची. मला वाटायचं, वाण्याची यादी करते."

हे मला आधीच समजायला हवं होतं असं वाटलं. फळ्यावरचं प्रत्येक वाक्य मी मेथीच्या वासात आधी ऐकलेलं होतं.

"सकाळी खिडकीतून फळा वाचते," काका हळू आवाजात सांगत होते. "तिच्यासाठी ती आजचीच बातमी. वाचली की सगळं ओळखीचं होतं. परवा देसाईबाई दिसल्या, तर दिवसभर कलिंगड आठवून हसत होती. आता तिथे दहा वर्षांपूर्वी असं कसं लिहू? घाबरेल ना ती."

त्यांनी डायरी उघडली. मागची पानं रबर लावून बंद केली होती.

"पुढचं वाचत नाही मी. रोज एकच पान. पण मोजलीत. सतरा उरलीत. पुढे कोरी आहेत. एक दिवस म्हणाली, चष्मा हरवला, कसं लिहू. आम्ही सगळं घर शोधलं. चष्मा नाकावर होता. सतरा दिवस द्या म्हणावं. मग न्या फळा. मलाही मग लिहायला काय आहे?"

घरी येऊन मी कांबळे मॅडमना मेसेज लिहायला घेतला. त्या समोरच्याच दारात राहतात. चार वेळा खोडून शेवटी पाठवला, 'डायरी काकूंची आहे. फळा काकूंसाठी आहे. सतरा दिवस उरलेत.' दोन निळ्या खुणा आल्या. अर्ध्या तासाने उत्तर आलं, 'तारीख वर लिहा म्हणावं, ठळक. दुसरं काही नको. स्क्रीनचं नंतर बघू.'

काकांनी तारीख वर नेली. "पेंटर सही खालीच करतो," असं पुटपुटत, पण नेली. पाटणकर कमरेला पट्टा बांधून रोज सकाळी बाळाला कडेवर घेऊन फळ्यासमोर उभे राहू लागले. आधी तारीख मोठ्याने वाचायची, मग बातमी.

सतरावी बातमी आली त्या दिवशी मी दूध घ्यायला उतरले तर गेटपाशी उभे असलेले सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. फळ्यावर होतं, 'उद्या सायलीचा रिझल्ट. पेढे आणून ठेवलेत. पोरगी लाजते, आपणच हाक मारायची.'

मी दूध न घेताच वर गेले.

त्या रिझल्टबद्दल कुणाला माहीत नाही ते असं. बाकी विषयांत मला चांगले मार्क होते. मराठीत काठावर पास. वर्षभर जिने मेथीच्या काड्या मोजून शिकवलं तिला काय सांगणार? खिडकी पुढच्या गेटवर, म्हणून मी पंपरूमच्या मागच्या गेटने बाहेर पडले. दुसऱ्या दिवशीही. मग ती सवयच झाली. नंतर सांगू, असं म्हणत राहिले, आणि मग ऐकलं की काकूंना आता काही आठवत नाही. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. हे दुसरं मी कधीच कुणाला बोलले नाही.

फक्त लिहिलं. माझीही डायरी आहे. नववीपासूनची, इंग्रजीत, छोटं कुलूप असलेली, कपाटात हिवाळी कपड्यांच्या खाली. आईलाही ठाऊक नाही. किल्ली मागच्या महिन्यात हरवली होती. त्या संध्याकाळी मी केसांच्या पिनेने कुलूप उघडलं. निम्म्या डायरीत मी स्वतःवर चिडलेली होते. पण मधूनमधून सोसायटी होती. फोन समोर धरून अदृश्य प्राणी पकडत गटारात पडलेला सी विंगचा मुलगा होता. फुकटच्या सिमकार्डासाठी पहाटे रांग लावणारे कुलकर्णी होते. नोव्हेंबरातला रात्री आठचा टीव्ही आणि दुसऱ्या दिवशीचा बाबांचा चेहरा होता. लॉकडाऊनमधल्या थाळ्या होत्या. दहा वर्षं होती, सलग.

सकाळी सातला मी खाली उतरले. काका फळ्यासमोर उभे होते. त्यांनी फळा स्वच्छ पुसला होता, वर आजची तारीख दहा वर्षं मागचं वर्ष घालून ठळक लिहिली होती आणि खाली काहीच नव्हतं. हातात नवा खडू होता. पाटणकर बाळाला घेऊन आले होते, देसाईबाई होत्या, कांबळे मॅडमही कुणाला दिसणार नाही अशा बेताने जिन्यात उभ्या होत्या.

"काय आणलंस?" काकांनी माझ्या हाताकडे बघत विचारलं.

"डायरी," मी म्हणाले. "इंग्रजीत आहे. इथून पुढची."

त्यांनी त्या लहानशा कुलपावर बोटाने टिचकी मारली. "मी वाचणार नाही ती," मग ते म्हणाले. "तू सांग. मी लिहितो. मजकूर गिऱ्हाईकाचा."

त्यांनी खडू फळ्याला टेकवला. खिडकीत काकू आल्या होत्या. त्यांनी आधी तारीख वाचली, मग तिच्याखाली बघितलं. तिथे काही नव्हतं. त्यांचा हात गजावर घट्ट झाला आणि मग त्यांना मी दिसले.

"सायली, ये गो इकडे. लागला काय?"

मागचं गेट उघडंच होतं. मी खिडकीकडे गेले आणि सगळ्या कंपाउंडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "लागला, काकू. मराठीत सदतीस. चाळीसला तीन कमी. सांगायची लाज वाटली म्हणून मागच्या गेटने पळाले होते. पेढे आहेत ना अजून?"