टेकलाय का धरलाय?

बसाप्पा मिस्त्री कुणाच्याही नव्या घरी गेले, की आधी पाणी घेत नाहीत, चहा घेत नाहीत. डोळे मिटून जिना चढतात. वर पोचले की डोळे उघडून घरमालकाला सांगतात, "सातवी पायरी चोर हाय. अर्धा इंच खाल्लाय." मोजून बघा, खाल्लेला असतोच. पाच-सहा वर्षांपासूनचं हे खूळ.

मी नळदुर्गात घरांचे नकाशे काढते. कॉम्प्युटरवर अख्खं घर उभं करते, जिन्यासकट. बसाप्पामामांनी चाळीस वर्षं सेंट्रिंग केलं, म्हणजे स्लॅब-जिन्यांचे साचे ठोकले. आता गुडघे बोलायला लागले म्हणून ठेकेदार त्यांना माझे नकाशे तपासायला पाठवतो. मला मामा म्हणजे माझ्यावर सोडलेले पोलीसच वाटायचे. आले की आधी खुर्ची हलवून बघणार, मग बसणार.

"पोरी, जिना उभा चिरून दाव."

मी पडद्यावर घर उभं कापते. जिना वरच्या स्लॅबला जिथं भेटतो, तिथं मामांचं नाक पोचलेलं असतं.

"ही रेघ कशाची?"

"जोडायचं राहिलंय, मामा."

"म्हंजी नुसता टेकलाय. स्लॅबनं धरलाय कुठं?"

मी जोडते, काँक्रीट एक होतं, रेघ जाते. मामांचा संशय काही जात नाही. "गेली का लपवलीस?" मग सळया दाखवा! एकदा वैतागून मी म्हटलं, "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, मामा."

"त्यो न्हाय बोलत. तू बोलतीस."

आणि फरशीचं तर विचारूच नका. "स्लॅबपातुर मोजलंस. वर फरशी येती, ती कुणी मोजायची? शेवटची पायरी दोन इंच चढंल की!"

मागच्या उन्हाळ्यात मामा स्वतःच्या जळकोटच्या घराचं काम घेऊन आले. जिन्याच्या सळया गंजल्या होत्या, पाडून नवा करायचा होता. त्यांनी दार लोटलं आणि आवाज बारीक केला.

"पंधरा पायऱ्या. शेवटची दोन इंच उंच ठिव."

मी बघतच राहिले. अर्ध्या इंचासाठी लोकांचे जिने फोडायला लावणारा हा माणूस! माझी परीक्षा चाललीय, मी तसं काढलं की हे ठेकेदाराला नेऊन दाखवणार, अशी माझी खात्रीच झाली.

"जमणार नाही," मी म्हटलं. "कॉम्प्युटर सगळ्या पायऱ्या सारख्याच करतो."

"मग त्याला सांग की."

"तुम्हीच सांगा."

मामा उठून गेले. भांडले नाहीत, म्हणून तर माझा संशय वाढला. दुसऱ्या दिवशी मापं घ्यायच्या निमित्तानं मी जळकोट गाठलं.

मामी जुना जिना चढत होत्या. एक हात भिंतीवर, ओठ मोजत होते. पंधराव्या पायरीला त्यांनी पाय चांगला उंच उचलला आणि अलगद वर गेल्या. नजर मात्र कुठंच नव्हती.

"काचबिंदू. सा वर्सं झाली," मामा हळूच म्हणाले. "नवीन लगीन झाल्यावर म्या ह्यो जिना बांधला. फरशी मोजायची इसरलो. आता ती चूक तिच्या पायाला पाठ हाय. सारखी केली, तर पाय उचलंल अन् खाली काय घावायचं न्हाय. पडंल गं ती."

मला माझीच लई लाज वाटली.

परत येऊन मी चौदा पायऱ्यांवर जिना थांबवला. उरलेला उंच चढ हातानं काढला आणि स्लॅबला जोडला. मामा शेजारी बसून होते. रेघ गेली.

"टेकलाय का धरलाय?"

"धरलाय, मामा."

त्या दिवशी त्यांनी सळया दाखवायला सांगितल्या नाहीत.

जिना होईपर्यंत मामी लेकीकडं बेंबळीला होत्या. त्या परत आल्या, त्या दिवशी मामांनी मला बोलावून घेतलं. स्वतःच्या कामावर तरी विश्वास कुठाय! ते वर, जिन्याच्या तोंडाशी हात पुढं करून उभे राहिले. मामी भिंतीला हात लावून चढल्या, पंधराव्याला पाय उंच उचलला, वर आल्या आणि भडकल्याच.

"नवा केला म्हणं! ह्यो तर जुनाच हाय. दोन महिने मला उगंच लेकीकडं ठिवलं व्हय?"

मामांनी पुढं केलेला हात मागं घेतला.

"व्हय गं," ते म्हणाले, "जुनाच हाय."

आणि मामींना दिसत नाही हे माहीत असूनही, त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.