पाणलावा की तुतारी

पक्षी कोणालाही दिसतो. तो ओळखता येणे ही मात्र प्रतिष्ठेची बाब आहे. दातांच्या डॉक्टरांना हे निवृत्तीनंतर कळले. पक्षिमित्र मंडळाचा अध्यक्ष त्यांचा सख्खा साडू होता, आणि तो नुसती फडफड ऐकून नाव सांगायचा. (चुकला तरी पक्ष्याकडून तक्रार येत नसे.)

त्या रविवारी मंडळ तळ्याकाठच्या गवतात दबा धरून बसले असताना समोरच्या चिखलात एक पक्षी येऊन उभा राहिला. साडू थर्मासच्या झाकणाशी झटत होता. अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

"पाणलावा," डॉक्टर म्हणाले.

"तुतारी," साडू झाकणावरची नजर न हलवता म्हणाला.

मतभेद झाल्यास पक्ष्याकडे पाठ करून चर्चा करावी, असा मंडळाचा अत्यंत सुसंस्कृत नियम आहे. (पक्ष्याला संकोच वाटू नये म्हणून.) त्याप्रमाणे सगळे वळले. पायांच्या रंगावर एकमत होईना, म्हणून पाय वगळण्यात आले. चोचीवरून आवाज चढले, तेव्हा चोचही वगळली. उरलेल्या पक्ष्यावर हात वर करून मतदान झाले आणि पाणलावा दणदणीत बहुमताने निवडून आला. मतदारांपैकी बऱ्याच जणांच्या दाढा डॉक्टरांनीच भरल्या होत्या, हा योगायोग समजावा.

डॉक्टरांची बायको सभासद नव्हती. त्यामुळे ती तळ्याकडे तोंड करून बसली होती.

निकालानंतर मंडळ वळले, तर चिखल रिकामा.

"अहो," गाडीत ती म्हणाली, "तुमची पाठ होती ना, तेव्हा त्यानं काय केलं सांगू? मला तर रडूच फुटलं."

"ते असू दे. चोच सरळ होती की वाकडी?"

"चोचीकडे नाही गेलं हो लक्ष."

"मग काय बघितलंस तू?" डॉक्टर म्हणाले, आणि गिअर बदलला.

तिने खिडकीची काच खाली केली.

यथावकाश साडूने तुतारीनिष्ठ गट वेगळा काढला आणि डॉक्टर अध्यक्ष झाले. आता ते न बघताच नाव सांगतात. बायकोला त्या दिवशी काय दिसले, हे त्यांनी अजून विचारलेले नाही.

सुज्ञ वाचकहो, तुम्हीही इथवर त्यासाठी आला नाहीत. पाणलावा की तुतारी, एवढेच तुम्हाला हवे होते. तर घ्या, तुतारी होती. मिटा आता पुस्तक.