सांध्याची तापमानवाढ आणि सावळारामचा चहा

जगात गरम असे काही नसते. शेजारच्यापेक्षा गरम असते. तापमानवाढीचे मूळ शास्त्र एवढेच आहे, आणि नसरापूर फाट्याजवळच्या एका कंदील कारखान्याने २००३ साली ते जितके मनावर घेतले तितके आजवर कोणी घेतले नसेल.

हा कारखाना डोंगरातल्या आरोग्य उपकेंद्रांसाठी सोलर कंदील बनवत असे. कंदिलाच्या पोटातल्या बॅटऱ्या निकेलच्या पट्टीने एकमेकींना जोडलेल्या असत. ती पट्टी चिकटवणारे यंत्र माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने धातूला थरथरवून धातूत बसवी. (आवाज कोणालाच ऐकू येत नसल्याने तो नीट झाला की नाही यावर कारखान्यात कधी वाद झाला नाही.) सांधा पक्का बसला तर वीज सरळ जाते. कच्चा राहिला तर ती तिथे अडखळते, सांधा तापतो आणि कधीतरी पट्टी सुटून कंदील विझतो. म्हणून नियम असा होता की दहा मिनिटे वीज सोडावी, सांध्याचे तापमान घ्यावे आणि त्यातून खोलीचे वजा करावे. फरक पंधरा अंशांच्या आत असला की सांधा पास.

ही वजाबाकी भोरच्या दिलावरकडे होती. माणूस सरळ, अक्षर सुरेख, नोकरी मात्र अजून कायम व्हायची होती. सुरुवातीला त्याच्या हातून निम्मे सांधे नापास होत. मग त्याच्या ध्यानात आले की दुपारी चहाच्या सुमाराला सगळेच पास होतात. त्या खोलीत खिळा एकच होता. खोलीचा थर्मामीटर त्यालाच टांगलेला होता, आणि बरोबर त्याच्याखाली कारखान्याचा चहावाला सावळाराम स्टोव्हवर चहा ठेवत असे. स्टोव्ह पेटला की खोली चाळिशी ओलांडी आणि सांधे आपोआप गार ठरत.

दिलावरने ही गोष्ट साहेबांना, म्हणजे धनाजीरावांना, प्रामाणिकपणे सांगितली. साहेबांनी तितक्याच प्रामाणिकपणे चहाच्या वेळा वाढवल्या.

तेव्हापासून कारखान्याची गुणवत्ता वधारली. आले घातलेला चहा जास्त वेळ उकळावा लागतो, म्हणून मोठ्या मालाला आले मंजूर झाले. एकदा तर सांधे खोलीपेक्षा दोन अंशांनी गार भरले. कंदील थंडावाही देतो असे माहितीपत्रकात छापावे का, यावर बैठक झाली. सावळाराम रजेवर गेला की पास होणारे शंभरावरून त्रेपन्नावर येत, म्हणून त्याची रजा ही तांत्रिक बाब ठरली. तपासणीला आलेले अधिकारीही चहा घेऊनच गेले. (त्यांचा शेरा साखरेविषयी होता.)

दिलावर सह्या करत राहिला. पण त्याची बायको कुलसुम हिर्डोशीच्या उपकेंद्रात नर्स होती, आणि त्या मालातला एक कंदील तिच्याकडे जायचा होता. तेव्हा दिलावरने स्टोव्ह बंद करायला लावला, थर्मामीटर बाजूला ठेवला आणि एकेका सांध्यावर बोट टेकवून पाहिले. चटका न देणारा कंदील सापडला तेव्हा त्याच्या दांडीला लाल दोरा बांधला.

भोरला वाटपाच्या दिवशी कुलसुमला तो दोरा दिसला.

"ह्याला दोरा कशापायी बांदलाय?"

"ह्यो चांगला हाय."

"आन् बाकीचे?"

"बाकीचे पास हायती."

कुलसुमने दोऱ्याचा कंदील शेजारी उभ्या असलेल्या पासलीच्या नर्स चंद्राबाईंच्या हातात दिला आणि त्यांचा आपण घेतला. "घ्या बाई, तुमच्याकडं बाळंतपणं लई." दिलावरने तो परत मागायला हात पुढे केला आणि मागे घेतला. शंभर टक्के पास झालेल्या मालातला कंदील बदलून मागणे नियमाला धरून नव्हते.

आषाढात हिर्डोशीवर धुके उतरले, वीज गेली, भरदुपारी उपकेंद्रात काळोख झाला. गावातल्या गेनूची बायको बाळंत होत असतानाच कंदील विझला. कुलसुमने दार सताड उघडले, पाऊस आत घेतला आणि त्या उजेडात बाळ सोडवले. दोघेही सुखरूप राहिले. (वार्षिक अहवालात हे बाळंतपण कंदिलाच्या खात्यावर आहे.)

घरी आल्यावर तिने कंदील दिलावरपुढे ठेवला. "सही तुमचीच हाय," एवढेच म्हणाली आणि आत गेली. दिलावरला लाज वाटली. ती कुठल्याही खोलीच्या मानाने मोजली तरी कमी भरेना.

दुसऱ्या दिवशी त्याने थर्मामीटर काढून खिडकीला बांधला. त्या दिवशी निम्म्याहून जास्त सांधे नापास झाले. धनाजीरावांनी रीतसर चौकशी केली. वर्षभर उत्तम असलेली गुणवत्ता दिलावरने थर्मामीटरला हात लावताच कोसळली होती, तेव्हा दोष कोणाचा हे उघड होते. उलट सावळाराम स्टोव्हपाशी असताना एकही सांधा कधी नापास झाल्याची नोंद नव्हती. सावळाराम तपासनीस म्हणून कायम झाला. थर्मामीटर खिळ्यावर परत गेला, आणि दिलावरला स्टोव्ह मिळाला.

"राग मानू नका, दिलावरभाई," सावळाराम अवघडून म्हणाला, "पर आलं जरा जास्ती घाला. आज माल मोठा हाय."

पुढे कारखान्याचा व्याप वाढला. आता तिथल्या बॅटऱ्या शहरातही जातात. वीज गेल्यावर तुम्ही ज्याच्या उजेडात वाचता, त्या दिव्यातही असतील. दिवा हाताला गरम लागला तर शेजारी चहा ठेवून पाहावा. दांडीला लाल दोरा आहे का, तेही एकदा बघा. नसला, तर तपासणाऱ्याच्या घरचे तुमच्यात कोणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. काळजीचे कारण नाही. दिवा पास आहे.