माकडांची रांग

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. राजेळी रेसिडेन्सी सहकारी गृहनिर्माण संस्था, वसई पश्चिम, ही प्राणिमात्रांवर प्रेम करणारी संस्था आहे. संस्थेचा मानद सचिव या नात्यानं हे मी जबाबदारीनं सांगतो. शेजारच्या वाडीतून आमच्याबद्दल जे बोललं जातं त्यात काडीचं तथ्य नाही. निदान इतिवृत्तात तरी तसं कुठं आढळत नाही.

शेजारची वाडी जेम्स तुस्कानो यांची. घरात ते, त्यांची बायको फ्लॉसी आणि लग्नाची मुलगी सुझान. या वाडीत अजून राजेळी केळी होती, जी उन्हात वाळवून सुकेळी करतात. बाकीच्या गावानं वाड्या विकून टाकल्या, पण बिल्डिंगांना केळ्यांची नावं देऊन आठवण जपली. माणसानं संस्कृतीसाठी याहून जास्त काय करायचं?

मी सांगतोय ती गोष्ट २००३ सालची. सुझानचं लग्न पुढच्या जानेवारीत ठरलं होतं. तुस्कानोंच्या घरात लग्नाच्या आवतणाबरोबर सुकेळ्यांचा पुडा द्यायची रीत. तीही बाजारातली चालत नाहीत, मुलीच्या बापाच्या वाडीतलीच लागतात. त्यामुळे त्या वर्षी राजेळीचे घड भरत आले, तसा जेम्स सकाळ-संध्याकाळ त्यांच्याखाली उभा राहून वर बघत असे. आम्हाला बाल्कनीतून ते दिसायचं. जरा हास्यास्पद वाटायचं.

माकडं या भागात पूर्वीही यायची. वाडीवाल्यांची पद्धत अशी होती, की कुंपणाकडची एक रांग माकडांची. त्या रांगेतला घड कोणी उतरवायचा नाही. माकडं तिथं खाऊन जायची. एखादं आगाऊ निघालं आणि आतल्या रांगेत शिरलं, तर फ्लॉसीबाई पत्र्याचा डबा बडवायच्या आणि विषय संपायचा. ना ठराव, ना समिती, ना कुणाची सही. असला कारभार किती दिवस चालणार? जेम्सच्या धाकट्या भावाच्या, ब्रायनच्या, वाटणीला ती कडेची बाजू आली. त्यानं ती बिल्डरला विकली आणि तिथं आमची संस्था उभी राहिली.

पुढे पूर्वेकडच्या डोंगराखाली नव्या वसाहतींसाठी झाडं तुटली, तशी तिकडचीही माकडं पश्चिमेला येऊ लागली. ती रेल्वेच्या पादचारी पुलावरून आली. रूळ ओलांडणाऱ्या आमच्या सभासदांनी याची नोंद घ्यावी.

आमच्या अध्यक्षा वसुंधराताई त्या सुमारास साडेसातीत होत्या. शनिवारी माकडांना केळी घाला, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी घातली, आणि त्यांच्या हर्षवर्धनला अमेरिकेचा व्हिसा मिळाला. झालं. पुढच्या शनिवारी अख्खी सोसायटी पिशव्या घेऊन खाली उतरली. ज्यांना साडेसाती नव्हती त्यांनी खबरदारी म्हणून घातली. साधी केळी जेम्सकडूनच घेत होतो, राजेळी तो विकत नव्हता. शेजारधर्म आम्ही कधी सोडला नाही.

अडचण एकच झाली. माकडांना वार कळत नाहीत.

रविवारी ती जिन्यात बसून राहिली. सोमवारी स्वयंपाकघरात आली. मंगळवारी वसुंधराताईंच्या देवघरातला नैवेद्य गेला, वाटीसकट. ताबडतोब तातडीची सभा बोलावून ‘माणूस-माकड सलोखा उपसमिती’ स्थापन झाली. ‘माकड’ या शब्दानं भावना दुखावतात म्हणून कामकाजात ‘वन्य पाहुणे’ असं म्हणायचं ठरलं. खाऊ घालणं थांबवावं, असा विचार एका भाडेकरूनं मांडला. पण त्याला मताधिकार नव्हता. शेवटी सर्वानुमते ठरलं, की पाहुण्यांना त्यांच्या नैसर्गिक अधिवासाजवळ, म्हणजे मागच्या भिंतीवर, भोजन द्यावं. भिंतीपलीकडे जेम्सची वाडी होती. दुसऱ्याच दिवशी जेम्स सोसायटीच्या कचेरीच्या दारात.

“सचिवसाहेब, तुमी केळी भिंतीवर ठेवता. ती खाल्ली की माकडं जानार कुठं? माझ्याच वाडीत ना? घड भरलेत. सुझानचं लगीन तोंडावर आलंय.”

वसुंधराताईंनी त्याला शांतपणे समजावलं. “जेम्सभाऊ, तुमच्याकडे झाडं आहेत. आमच्याकडे नुसता जिना. माकड जिन्यात शोभतं का, सांगा बरं.”

जेम्स वाडीत परतला. त्यानं घडांवर जाळी बांधली. जाळीत पिल्लांचे पाय अडकतील, अशी लेखी हरकत उपसमितीनं घेतली आणि जाळी काढायला लावली. मग फ्लॉसीबाईंनी डबा बडवायला सुरुवात केली. शनिवारी दुपारी आमचे सभासद आठवड्याची झोप काढतात. डबा बडवायला आमची हरकत नाही, फक्त हळू बडवा, अशी विनंती करायला मी स्वतः गेलो.

“हलू बडवू?” फ्लॉसीबाई म्हणाल्या. “मग माकडाच्या कानातच जाऊन सांगते, बाबा, जा.”

या बाईंचा स्वभाव तिखट आहे, हे मी तेव्हाच ओळखलं. तरीही आम्ही मोठ्या मनानं विचार केला. हा माणूस नाराज आहे, याला कुणी आपलं म्हटलेलं नाही, तर याचा सत्कार करू. ‘मानद वानरमित्र’ हा किताब ठरला. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि दिवस अर्थातच शनिवारचा.

“मी येत नाय,” जेम्स म्हणाला. “सोमवारी घड उतरवनार. तवर वाडीत मानूस पायजे.”

“असं कसं? सहकुटुंब यायचं,” वसुंधराताई म्हणाल्या. “सुझानलाही आणा. नाही आलात तर सोसायटीचा अपमान होईल.”

आपल्याकडे माणूस नुकसान सोसतो, पण अपमान करत नाही. तिघंही आले. फ्लॉसीबाईंनी डबा मात्र सोबत आणला होता, तो मी दाराशी ठेवून घेतला.

समारंभ देखणा झाला. ‘सहजीवन’ या विषयावर वसुंधराताई बोलल्या, मी बोललो, अमेरिकेतून आलेलं हर्षवर्धनचं पत्र वाचून दाखवलं. त्याच वेळी मागच्या भिंतीवर नेहमीची केळी मांडलेली होती, कारण शनिवार चुकवून चालत नाही. जेम्स तीनदा उठला. तीनदा त्याला कुणीतरी खांद्याला धरून बसवलं. मानपत्र देताना एक वन्य पाहुणा खिडकीतून आला आणि श्रीफळ घेऊन गेला. सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

तुस्कानो परतले तेव्हा राजेळीचा एकही घड शिल्लक नव्हता. खाल्ले थोडे, कुरतडून फेकले जास्त. जेम्स अंगावरच्या शालीसकट चिखलात उभा होता. फ्लॉसीबाई डबा मांडीवर घेऊन खाली बसल्या होत्या. सुझान एक-एक केळं उचलून पाहत होती, एखादं तरी धड निघतंय का म्हणून. खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं. सत्काराच्या दिवशी असं व्हायला नको होतं.

लग्नाचं आवतण आम्हाला आलं. सोबत दुकानातला पेढ्यांचा पुडा होता. मुलाकडच्यांनाही तोच गेला म्हणे. मांडवात फ्लॉसीबाई विहीणबाईंशी नजर न मिळवता वाढत होत्या. जेवण उत्तम होतं. तरी पानात काहीतरी कमी आहे असं मला सारखं वाटत राहिलं. हात धुतल्यावर मी जेम्सला बाजूला घेतलं आणि आपुलकीनं म्हणालो, “जेम्सभाऊ, राग मानू नका. चूक तुमचीही आहे. तुमच्यात कडेची एक रांग माकडांसाठी सोडायची पद्धत होती ना? ती पाळली असती, तर आतली केळी वाचली असती.”

जेम्सनं मला हात पुसायला टॉवेल दिला. मग आवाज न चढवता म्हणाला, “रांग सोडली होती, साहेब. माझ्या आजानं सोडली होती. तिथं आता तुमी राहाता.”

मी मान डोलावली. मुद्दा बिनतोड होता. पुढच्याच बैठकीत मी तो मांडला, आणि उपसमितीनं अभ्यासाअंती निष्कर्ष काढला, की पहिली रांग आम्ही वापरत असल्यामुळे वन्य पाहुण्यांसाठी दुसरी रांग सोडणं जेम्सभाऊंचं कर्तव्य आहे. दुसऱ्या रांगेवर माकडं मावेनात, म्हणून तिसरी. नंतर मोजायला रांगा उरल्या नाहीत. आमच्या बिल्डरनं उरलेल्या जमिनीबद्दल जेम्सला गाठलं, तेव्हा त्यानं फार घासाघीस केली नाही म्हणतात.

तर राजेळी रेसिडेन्सी, फेज टू, याचं बुकिंग आता सुरू आहे. हवा मोकळी, शेजार सुशिक्षित, आणि प्रत्येक बाल्कनीतून वन्यजीवन दिसण्याची हमी. तुम्हीही प्राणिप्रेमी आहात, हे मी जाणून आहे. येत्या शनिवारी फ्लॅट बघायला सहकुटुंब या.

केळी मात्र येताना सोबत आणा. इथं हल्ली मिळत नाहीत.