सात नव्वे विचारणारी काकी

आमच्या शेजारच्या काकीने कुणाला कधी "बरी आहेस ना?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. माणूस दिसला की ती त्याची परीक्षाच घ्यायची. विहिरीवरून भरली घागर कमरेवर घेऊन एखादी बाई निघाली की काकी कुंपणापाशी उभी.

"थांब गो. सात नव्वे किती?"

"माका खंय येता, काकी!"

"मगे घागर खाली ठेव आनी शालूक इचार."

आणि ती बाई मुकाट्याने घागर उतरवून आमच्या पडवीत यायची. शालू म्हणजे मी. असे कितीतरी त्रेसष्ट मी त्या पडवीत बसून वाटले आहेत.

सत्यनारायणाच्या पूजेला आलेले भटजीही तिच्या तावडीतून सुटले नव्हते. चौथा अध्याय संपताना काकीने मागून विचारलं, "भटजीनू, ह्या साधुवाण्याची होडी कुठच्या बंदरात लागलेली?" भटजी इतके गडबडले की त्यांनी चौथा अध्याय पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. शिरा खायला आलेल्या आम्हा पोरांना तेव्हा काकीचा गळा दाबावासा वाटला होता.

पन्नास-साठच्या दशकातली ही गोष्ट. मालवणच्या दक्षिणेला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर आमची बारा घरांची वाडी. वाडीत शाळा नव्हती. शाळा खाडीपलीकडे, आणि लहान पोरांना रोज होडीतून पाठवायचं धाडस कुणाच्या आईला होत नसे. म्हणून नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत आम्ही घरीच शिकायचो. माझे आबा मुंबईत दुकानात कारकुनी करून आलेले. त्यांच्यापाशी वाडीतली सगळी पोरं आमच्या पडवीत बसून पाढे, वाचन, थोडा भूगोल असं शिकत. मग एप्रिलात शाळेच्या परीक्षेच्या वेळी एकेकाला पलीकडे न्यायचं, हेडमास्तर प्रश्न विचारणार आणि ठरवणार की हे पोर चौथीत बसेल की पहिलीत.

आबा शिकवत आणि काकी परीक्षा घेई. तिला हे काम कुणी दिलं नव्हतं. रोज सकाळी चुलीवर पेज ठेवून ती आमच्या पडवीच्या पायरीवर येऊन बसायची. "शिकवूक काय, कोणय शिकवता," ती आबांच्या तोंडावर म्हणायची. "इचारूक जमाक व्हया." आबा हसायचे आणि तपकिरीची डबी काढायचे.

तिची परीक्षा घ्यायची पद्धत तिची स्वतःची होती. पाटीवर लिहिताना तोंडानेही बोललं पाहिजे हा पहिला नियम. "मुक्यान लिवलेला माका चलना नाय." एखादं अक्षर काढलं की बोट ठेवून विचारणार, "ह्या खयचा?" उत्तर दिलं की लगेच, "कशावयल्यान?" म्हणजे कशावरून. तीन चोक बारा का, तर तीनदा चार म्हणून, तेही चिंचोके मांडून दाखवायचे. "बरोबर" हा शब्द तिच्या तोंडून कधी ऐकलाच नाही. ती नुसती आमच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची. ज्याला उत्तर येत असे तो तिच्याकडे बघे, ज्याला येत नसे तो कौलांकडे. "कौलांर काय लिवलेला आसा रे मेल्या?" असं ती ओरडली की तो गेलाच.

काकीचा नवरा बोटीवर भटारखान्यात होता. अकरा महिने समुद्रावर आणि आंब्याच्या दिवसांत एक महिना घरी. साधा, हसरा माणूस. घरी आल्या आल्या त्याच्या पेटीला हात लागायच्या आधी काकीचा प्रश्न तयार असे, "आदी एडन लागता काय सुवेज?" तो म्हणायचा, "अगो, आदी जेवण लागता." हा माणूस दर वर्षी नापास होऊन परत बोटीवर जात असे. मूलबाळ त्यांना नव्हतं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. पडवीत मी सगळ्यांत हुशार होते हे मी सांगत नाही, आबा सांगत. पण नवव्या वर्षी मला पलीकडच्या शाळेत नेलं तेव्हा हेडमास्तरांच्या टेबलासमोर माझी वाचाच बसली. नाव विचारलं, तेही सांगता आलं नाही. सकाळची पेज मास्तरांच्या हजेरीपटाजवळ बाहेर पडली. "मुलगी मुकी आहे का?" असं त्यांनी आबांना विचारलं.

त्यातच गिरगावातल्या मावशीचं पत्र आलं. तिला तान्हं मूल होतं, पाळणा हलवायला घरातलं कुणीतरी हवं होतं. आबा म्हणाले, "पुढच्या एप्रिलात एकदा बघू. चौथीत घेतली तर शिकेल. नाहीतर मे महिन्यात हिला मुंबईला पाठवू." म्हणजे माझ्यापुढे एकच परीक्षा होती. तिच्यात बोलले तर शाळा, नाही बोलले तर मावशीचा पाळणा.

काकीने हे ऐकलं आणि तिला उत्साहाचं भरतंच आलं. दुसऱ्या दिवशी तिने मला समोर बसवलं.

"घाबारलंस?"

"होय."

"बरा झाला! केवढा भय आसा, सांग. बांगड्याएवढा काय सुरमयएवढा?"

मी विचार करून म्हणाले, "मोरीएवढा."

मोरी म्हणजे शार्क मासा. काकीने कौतुकाने मान हलवली. तेव्हापासून रोज सकाळी माझ्या भीतीचं माप घेतलं जाऊ लागलं. कधी मोरी, कधी सुरमई, पाऊस संपेपर्यंत ती बांगड्यापर्यंत आली. एकदा मी फुशारकीने म्हणाले, "आज कायच नाय." तर काकी रागावली. "कायच नाय कसा? जवळ्याएवढा तरी व्हयाच. तेच्याशिवाय जेवणाक चव नाय."

माप घेऊन झालं की परीक्षा. ती पडवीत होईलच असं नाही. एकदा तिने मला होडीत उभं केलं, स्वतः दोन्ही काठांवर पाय ठेवून होडी गदागदा हलवली आणि चौदाचा पाढा म्हणायला लावला. चौदा साती अठ्ठ्याण्णवला काकी स्वतःच पाण्यात पडली. कमरेएवढ्या पाण्यातून लुगडं सावरत उभी राहून तिने विचारलं, "फुडे?" एकदा मी कविता म्हणत असताना ती माझ्या कानाशी परात बडवत राहिली. समोरच्या घरातली म्हातारी ग्रहण लागलं की काय म्हणून बाहेर आली होती.

पण तिचं खरं डोकं दिसलं ते सायबात. काकीच्या परसात भोपळ्याच्या वेलापाशी एक बुजगावणं होतं. नवऱ्याने बोटीवरून आणलेला जुना कोट, वर शहाळ्याचं डोकं, त्याच्यावर हॅट. त्याला आम्ही सायेब म्हणायचो. एके दिवशी त्याच्या हॅटवर कावळा बसलेला काकीने बघितला आणि मला हाताला धरून तिथे नेलं.

"बघ. कावळो सायबाक भियेना, तू कित्याक भियतंस? आजपासून ह्योच तुझी परीक्षा घेतलो."

नियम असा ठरला. सायबासमोर जायचं. पहिल्यांदा त्याच्या कोटाचं बटण नीट लावायचं. मग विचारायचं, "जेवलंस काय रे सायबा?" आणि त्यानंतरच उत्तरं द्यायची. प्रश्न अर्थात काकी भोपळ्याच्या आडून, जाड आवाज काढून विचारायची. पहिले चार दिवस मला शहाळ्याचीही भीती वाटली. मग मात्र गंमत वाटू लागली. सहा महिने मी रोज त्या कोटाचं बटण लावलं आणि रोज त्याला जेवलास का ते विचारलं.

एप्रिल आला. आबा मला घेऊन पलीकडे गेले, तर शाळेत सगळे मास्तर धुतलेल्या धोतरांत भिंतीला चिकटून उभे. त्या दिवशी नेमके शाळा तपासणारे साहेब आले होते. त्यांना तेव्हा सगळे डिपोटी म्हणत. घरी शिकलेल्या मुलांची परीक्षा आज ते स्वतःच घेणार होते. हेडमास्तर घाम पुसत होते. आबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या.

"जा," ते म्हणाले, आणि खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभे राहिले.

मी आत गेले. टेबलामागे कोट घातलेला, डोक्यावर टोपी असलेला माणूस ताठ बसला होता. डोळे अर्धे मिटलेले, हालचाल काही नाही. पोटात मोरी उठली. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं, नाव, पाढे, सह्याद्री, सगळं. पण पाय आपोआप चालू लागले. ते टेबलाला वळसा घालून डिपोटींच्या खुर्चीपर्यंत गेले. कोटाचं मधलं बटण उघडं होतं. मी ते लावलं आणि मोठ्याने विचारलं, "जेवलंस काय रे सायबा?"

खिडकीतून आबांचं "अरे देवा" ऐकू आलं.

डिपोटींनी डोळे पूर्ण उघडले. माझ्याकडे बघितलं, बटणाकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "नाय गो बाय. सकाळपासून नुसता पानीच पियालंय."

ते आमच्याच बाजूचे निघाले, कणकवलीकडचे. पहाटे घरून निघून, कुडाळहून एस.टी. पकडून, उन्हातून चालत आले होते. हेडमास्तरांना वाटलं होतं ते दुय्यम मास्तरांकडे जेवले असतील, दुय्यम मास्तरांना वाटलं हेडमास्तरांकडे. एवढ्या मोठ्या साहेबाला जेवलात का म्हणून विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

मग जी पळापळ झाली ती काय सांगू! हेडमास्तर स्वतः धोतर सावरत घराकडे धावले. भात आला, आमटी आली, तळलेले बांगडे आले, आणि टेबलावरचे पेपर बाजूला सारून केळीचं पान मांडलं गेलं. माझी परीक्षा त्या पानासमोर झाली. डिपोटी काटे काढत विचारत होते आणि मी सांगत होते. बारा नव्वे? एकशे आठ. कोयना कुठल्या डोंगरात उगम पावते? सह्याद्रीत. मग त्यांनी सांगितलं की समुद्राचं पाणी खारट असतं कारण नद्या क्षार वाहून आणतात, आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कशावयल्यान?"

ते थांबले, हसले आणि म्हणाले, "हेडमास्तर, हिला चौथीत बसवा. पाचवीत बसवली तर तुम्हालाच जड जाईल."

परतताना खाडीच्या मध्यावर आबांना जे हसू फुटलं ते आवरेना. होडीवाल्याने दोनदा सांगितलं, बसा नीट, नाहीतर दोघांना पोहत जावं लागेल.

किनाऱ्यावर काकी उभीच होती. वाडीतली निम्मी माणसं मागे. मी धावत जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, आता ही मला उचलून घेईल. काकीने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "पोटभर जेवलो मां तो?" आणि नंतर सगळ्यांना गूळ वाटत फिरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात सगळे पडले होते, तेव्हा काकी मागच्या दाराने आली. पदराखाली काहीतरी लपवलेलं होतं. मला खुणेने परसात बोलावलं, माडाच्या सावलीत बसली आणि पदराखालून पाटी काढली.

"शालू, कोणाक सांगू नको. माझी परीक्षा घे."

मी हसले. ती हसली नाही.

"इतक्या पोरांची घेतलंय गो. माझी कोणी कधी घेवकच नाय. माका शाळेत कोण घालतलो? जा काय शिकलंय, ता तुमच्याकडसून शिकलंय. पायरेर बसान. पण ता बरोबर आसा काय चुकीचा, माका काय ठावक?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बोलत बोलत लिहा म्हणायची, ते का. प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून विचारायची, ते का. सगळ्या वाडीची परीक्षा घेणारी काकी इतकी वर्षं आमच्या पायरीवर बसून शाळेत जात होती, आणि आम्हा कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मला फार लाज वाटली. कसली ते तेव्हा कळलं नाही.

"नाव लिही," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही.

"खयचा? सासरचा काय म्हायारचा?"

"कुठलंही."

ती पेन्सिल हातात धरून बसली. तिच्या ओठांवर घाम आला होता. "सासरचा नाव लग्नात ताटातल्या तांदळात लिवल्यानी," ती म्हणाली. "सगळी माका म्हणत, वाच, वाच. माका वाचूक खंय येय? चार दिवसांनी कोणीतरी सांगल्यानी माझा नाव काय ता." आणि तिने पेन्सिल पाटीवर टेकवली, तर ती मोडली. मी दुसरा तुकडा तिच्या हातात दिला. काल डिपोटींसमोर भ्याले नव्हते इतकी मी आता भ्याले होते, की ही चुकली तर मी काय करू?

"सावकाश लिही," मी म्हणाले. "मी खंय जातंय?"

तिने लिहिलं. पाटीचा अर्धा भाग व्यापणारी मोठी, तिरकी, तीन अक्षरं. मग पाटी माझ्याकडे वळवली, पण माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. समोर माडाच्या बुंध्याकडे बघत राहिली.

"आये गेल्यार ह्या नावान कोणी हाक मारूक नाय," ती म्हणाली.

मी पाटी दोन्ही हातांत धरली आणि मोठ्याने वाचलं.

"आवडी."

आणि काकीने ओ दिली.