बर्फातली हळद

अलिबाग तालुक्यात मुंबईवाले गुंठ्यागुंठ्याने जमिनी घेत सुटलेत. पण सगळ्यात जास्त जागा कुणाकडे असेल, तर ती रेवदंड्याच्या या नामाकडे. ऐंशी टीबी. (ती मासळीच्या एका थर्माकोलच्या खोक्यात मावते, खोका बायकोचा आहे, आणि विजेचं बिलही तिच्याच नावावर येतं. तेवढं सोडलं तर मालक मीच.)

टीबी म्हणजे कंप्युटरातली जागा मोजायचं माप. नाक्यावर मी पहिल्यांदा "घरात ऐंशी टीबी हाय" म्हणालो, तेव्हा रिक्षावाल्या काळूरामने आपला चहाचा ग्लास हळूच पलीकडे सरकवला होता. मीही त्याला लगेच समजावलं नाही. उलट दोनदा खोकलो.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढे मास्तरांनी हात जोडले, मग मी होडीवर गेलो आणि इंजिनात हात घालून म्हातारा झालो. यंत्र म्हणजे यंत्र, ते पाण्यात चालो की टेबलावर, अशी माझी समजूत. ती कशी नडली तेच सांगायला बसलोय.

मार्गशीर्षात आमच्या शेंडेफळाचं, भाविकाचं लग्न झालं. थळला दिली. आमच्या कोळ्यांच्या हळदीचं शूटिंग म्हणजे दोन कॅमेरे, डोक्यावर घोंगावणारा ड्रोन आणि दमेपर्यंत नाच. मी तर असा नाचलो की ड्रोनवाला घाबरून यंत्र वर घेऊन गेला. त्याच गर्दीत माझ्या डोक्यावर एक लाल टोपी आली, ती मी अजून वापरतो. कानांवर उतरते जरा, पण रंग झकास. कुठून आली ते आठवत नाही. हळदीत कुणी टोपीचं मूळ शोधत बसत नाही.

लग्नानंतर शूटिंगवाल्या विनेशचा फोन आला. "नामाकाका, तुमच्या हळदीने माझा कंप्युटर गळ्यापर्यंत भरलाय. घेऊन जा, नायतर पुसून टाकतो." मी अलिबागला जाऊन एक हार्डडिस्क आणली. विनेशने त्यात हळद भरली, आपल्याकडची पुसली आणि बजावलं, की दोन कॉपी ठेवा. मी ठेवल्या. एकीच्या खाली दुसरी, त्याच डिस्कमध्ये.

इथे थांबलो असतो तर शहाणा म्हटला गेलो असतो. पण नामाकडे जागा आहे ही बातमी गावात फिरली आणि जो तो आपली डिस्क घेऊन दारात. कुणाचं बारसं, कुणाची पालखी, क्रिकेटच्या मॅचेस तर ढिगाने. सदाने आपली नवी होडी पाण्यात ढकलतानाचं शूटिंग आणून दिलं, त्यात होडी कमी आणि सदाच जास्त आहे. आणखी डिस्क आणल्या. भाविकाचा कॉलेजातला लॅपटॉप पडून होता, त्याला एक हब जोडला, म्हणजे एका भोकाची चार भोकं करणारी डबी, आणि हबाला दुसरा हब. शेवटी आठ डिस्क झाल्या. त्यांच्यावर नावं लिहावीत, तर माझं अक्षर मलाच वाचता येत नाही, म्हणून जाळ्याचे रंगीत दोरे बांधले. हिरवा क्रिकेटचा, निळा होड्यांचा, पिवळा आमच्या हळदीचा. सगळं सखूच्या जुन्या मासळीच्या खोक्यात रचलं, कारण एवढ्या वायरी दुसऱ्या कशात मावेनात. सखू म्हणजे सखुबाई, माझी बायको. सुकी मासळी विकते आणि माझ्याशी बोलायला उरलेला वेळ वापरते.

"आता हे काय पिल्लं घालणार हाय का?" तिने खोक्याकडे बघून विचारलं. त्यापलीकडे तिने त्याची दखल घेतली नाही.

मग शिमगा जवळ आला. आमच्यात लेकीचा पहिला शिमगा माहेरी. मी भाविकाला फोन लावला, तर पोरीचा आवाज पडलेला. तिची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाय रंगूबाय, रुसून बसल्या होत्या. हळदीला थळकर उष्टी हळद घेऊन आले, तेव्हा नवऱ्याच्या मामाला टोपी, उपरणं आणि नारळ द्यायचा मान असतो. तो त्यांच्या भावाला, बाबाजीला, दिलाच नाही असं त्यांचं म्हणणं. मामाचा मान मिळेपर्यंत सून माहेरी जाणार नाही.

सखूने हे ऐकलं आणि मटकन ओट्यावर बसली. मी मात्र फुललो. ऐंशी टीबी कशासाठी ठेवली होती? विहीणबायांना फोनवर बोलावून घेतलं आणि सांगितलं, "मान दिलाय का न्हाय ते आम्ही तोंडाने सांगत न्हाय. रविवारी मामांना घेऊन या, पडद्यावर बघा. आमच्याकडं पुरावा हाय."

"आणि त्यात मान दिसला न्हाय तर?" त्या म्हणाल्या.

"तर शिमग्याला भाविकाचं नावपण काढणार न्हाय," मी म्हणालो. (माझी जीभ माझ्यापेक्षा नेहमी दोन पावलं पुढे चालते.)

त्या दिवसापासून सखू बदलली. तिने आयुष्यात पहिल्यांदा ते शूटिंग टीव्हीवर लावून मागितलं. मी लावून दिलं आणि नाक्यावर गेलो. (काळूरामला मी सांगून ठेवलं होतं, की त्याच्या रिक्षात बोललेलं सगळं माझ्या खोक्यात साठतं. तेव्हापासून तो प्रवाशांशी फक्त हवापाण्यावर बोलत होता, ते बघायला जावंच लागे.) परत आलो तर टीव्ही बंद करून सखू बसलेली. आपली हळद कुठल्या दोऱ्याची, एवढंच तिने विचारलं. मी पिवळा दाखवला.

त्याच आठवड्यात ऊन तापलं आणि खोकाही. झाकण उघडलं की भट्टीसारखी वाफ. टेबलफॅन लावला, तो गरम हवाच फिरवत राहिला. तेव्हा मला कल्पना सुचली. दर्यावर माल तापायला लागला की आपण काय करतो? बर्फ. एक थर बर्फ, एक थर माल. (हे वाक्य सखूच्या तोंडातून निघालं हे खरं, पण त्याआधी मी तोंड उघडलंच होतं.) प्रत्येक डिस्क दोन पिशव्यांत घातली आणि तोंड आवळून गाठ मारली. वायर बाहेर यायला हवी, म्हणून तेवढी फट राहिली. मग बर्फ. खोका असा गार पडला की मला आपला अभिमान वाटला. आणि सखू? जी माझ्यासाठी पाण्याचा तांब्या उचलत नाही, ती जेट्टीवरून येताना रोज न सांगता बर्फ आणून स्वतः थर लावून देऊ लागली. म्हटलं, म्हातारपणी का होईना, बाईला माझी किंमत कळली.

रविवारी सकाळी झाकण उघडलं. आत तळं झालेलं. आठही डिस्क पिशव्यांसकट पाण्यात, लॅपटॉपवर एकही दिसेना. दुपारी विहीण येणार, आणि माझी लेक, माझा शब्द, सगळं त्या पाण्यात. भिजलेली वस्तू वाळवायची कशी हे मात्र कोळ्याला शिकवावं लागत नाही. अंगणात सखूचे बोंबील दोरीवर वाळत होतेच. मी आठही डिस्क पिशव्यांतून काढल्या, पुसल्या आणि बोंबलांच्या मध्ये वायरींनी टांगल्या. कावळे आले. बोंबील सोडून डिस्ककडे बघत बसले.

दुपारी काळूरामची रिक्षा दारात थांबली. पुढे विहीणबाय, मागे बाबाजीमामा, आणि त्यांच्या मागे भाविका, हातात काही न घेता. पिशवी नाही म्हणजे राहायला आलेली नाही. मी लाल टोपी घालून स्वागताला उभा होतो. मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग परत एकदा बघितलं.

"हे काय नवीन मासळी लागली का रेवदंड्याला?" विहीणबायांनी दोरीकडे बघून विचारलं. भाविकाने ओठ चावून हसू दाबलं. मी म्हणालो, थोडं ऊन दाखवतोय, यंत्रांना चांगलं असतं.

सगळ्यांना बसवून मी एकेक डिस्क जोडली. हिरवी चालू झाली, क्रिकेट. निळी चालू झाली, सदा. एकामागून एक सात चालू झाल्या. मला घाम फुटला, पण आनंदाचा. मग पिवळी जोडली. आतून टक टक टक असा आवाज आला, जसा आमचं जुनं इंजिन शेवटचा श्वास घेताना करायचं. पडद्यावर काहीच नाही. मी फुंकर मारली, थापटी मारली, देवाचं नाव घेतलं.

"बघितला पुरावा," विहीणबाय म्हणाल्या आणि उठायला लागल्या. भाविका खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. मी पिवळी काढून परत जोडली. परत टक टक.

तेवढ्यात सखू आतून ताट घेऊन आली. ताटात कोरं उपरणं, नारळ, हळदकुंकू. येता येता तिने माझ्या डोक्यावरची टोपी अलगद उचलली, झटकली आणि ताटात ठेवली.

"विहीणबाय, हळदीच्या गर्दीत मामांचा मान धक्काबुक्कीत द्यायचा व्हय? म्हटलं घरी बोलवू, बसवून देऊ. म्हणून तर बोलावलं. यांना शूटिंगचं खूळ लागलं, त्याला मी काय करू?"

तिने मामांना टिळा लावला, खांद्यावर उपरणं टाकलं, हातात नारळ दिला, डोक्यावर टोपी ठेवली. टोपी अशी चपखल बसली की शिंप्याने माप घेऊन शिवावी. मामांनी ती दोन्ही हातांनी चाचपली आणि म्हणाले, "बरोब्बर बसली." विहीणबायांनी भावाच्या खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग काळूरामला हाक मारून म्हणाल्या, रिक्षात सीटमागे पोरीची पिशवी हाय, ती उतरव.

पाहुणे जेवून गेले. भाविका अंगणाच्या टोकाला आईच्या बोंबलांशी गप्पा मारायला लागली. मी पिवळी डिस्क हातात धरून ओट्यावर बसलो. लेक घरी आली होती, पण माझं मन काही मानेना.

"अगो सखू," मी म्हणालो, "आठातल्या सात जगल्या, नेमकी हळदच कशी बुडाली? पाण्याला काय दोऱ्याचा रंग कळतो? पुरावा असता तर आज मी विहिणीला..."

सखू ताट घासत होती. तिने मान वर केली नाही.

"पिवळ्या दोऱ्याच्या पिशवीची गाठ मीच सोडली. शूटिंग तुमी नुसतं ठेवलं, मी बघितलं. मामा मानासाठी मान पुढं करून उभा, आणि त्याची टोपी तुमच्या डोक्यावर नाचत होती. आता डोकं उघडंच हाय, तर जरा उन्हात धरा. त्यातबी पाणी गेलंय."