फाटकावरचा कडुनिंब

अमृताला गोवराची लस टोचायची राहून गेली होती. पुरुषोत्तम एकदा आरोग्य केंद्रातून परतला तो रांग लांब होती म्हणून, आणि दुसऱ्यांदा मुलीला एक शिंक आली म्हणून.

"मागच्या गल्लीत गोवर आलाय," त्याची बायको सुलभा म्हणाली. "ही दहा महिन्यांची झाली. नवव्यालाच टोचायचं होतं ना?"

"पाडवा झाला की पहिलं काम ते."

पाडव्याला तीन दिवस होते. आदल्या दिवशी बंगळूरच्या गांधीबझारात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून या दूरदर्शी गृहस्थाने गुढीचा कडुनिंब तेव्हाच आणून ठेवला. घरात मुंग्या होतील आणि गच्चीवर पाला सुकेल, म्हणून सावलीतल्या फाटकाला बांधून त्यावर पाणी शिंपडलं आणि तो निर्धास्त झाला. गोवर आलेल्या घराच्या दारी कडुनिंब बांधतात, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते १९९४ साल होतं आणि बसवनगुडीत बाकी सगळ्यांच्या ते पक्कं ध्यानात होतं.

दुसऱ्या सकाळी दूधवाल्याने पिशवी फाटकाबाहेर ठेवली. मोलकरीण वळणावरूनच परतली. फॅक्टरीच्या बसमध्ये बारा वर्षं त्याच्या शेजारी बसणारे सुब्बाराव ड्रायव्हरजवळ उभे राहिले. संध्याकाळी शेजारच्या शकुंतलाबाईंनी फाटकाशी दोन शहाळी ठेवली आणि चार पावलं मागे सरकल्या.

"अण्णा, बाळाला स्वल्प स्वल्प पाजा. आम्हीपण फोडणी बंद केलीय."

"फोडणी कशाला बंद?" त्याने विचारलं, पण त्यांनी दार लावून घेतलं होतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आरोग्य केंद्रातली नर्स रूपश्री लशीची पेटी घेऊन आली. ती हुबळीची, मराठी बरं बोलायची. शकुंतलाबाईंनीच तिला निरोप धाडला होता.

"गोवराचा पेशंट कुठाय?"

पेशंट केसांना दहीभात फासत बसली होती. रूपश्रीने तिचे डोळे, तोंड, पाठ तपासली. ताप नव्हता, पुरळही नव्हतं.

"मग फाटकाला ते काय?"

"गुढीचा पाला आहे," पुरुषोत्तम म्हणाला, आणि दूधवाल्यापासून शहाळ्यांपर्यंतचा, गोवराच्या घराशेजारी बंद ठेवतात त्या फोडणीसकट, सगळा उलगडा त्याला एकदम झाला.

रूपश्रीने कार्ड मागितलं. गोवराचा रकाना कोरा होता. "सार, पाला तीन दिवस आधी, आणि लस महिनाभर उशिरा?"

सुलभाने कार्ड उचलून पुरुषोत्तमसमोर धरलं. "आत्ताच टोचा," तो म्हणाला.

"एका बाटलीत पाच मुलांचं औषध. उघडली की चार तासांत संपवायची. लस राहिलेली आणखी चार मुलं आणा, सार."

पण त्या फाटकात मूल पाठवायचं कुणी? अमृताला उघडीच खांद्यावर घेऊन पुरुषोत्तम दारोदार फिरला. "बघा, एक पुटकुळी नाही." लोक खिडकीतून बघत आणि पडदा सोडत. शेवटी शकुंतलाबाई चष्मा लावून बाहेर आल्या. त्यांनी आधी लांबून पाहिलं, मग जवळून, मग पोटाला हात लावून.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि आपले दोन्ही नातू घेऊन आल्या. ते पाहून बाकीचे आले. अमृता धरून दहा मुलं झाली, दोन बाटल्या लागल्या. रडणाऱ्यांना शहाळ्याचं पाणी मिळालं.

महिन्याभरात मागच्या गल्लीतला गोवर दोन गल्ल्या ओलांडून गेला. एका मुलीच्या छातीत भरलं, ती आठ दिवस इस्पितळात राहून वाचली. या दहांतल्या कुणालाही गोवर झाला नाही. सुलभाने पुरणपोळ्यांचा डबा पुरुषोत्तमच्या हाती देऊन त्याला केंद्रात धाडलं. त्याने रूपश्रीचे आभार मानले. तिने एक पोळी ठेवून घेतली.

"बाकीच्या पोळ्या शकुंतलाबाईंना द्या. त्या घाबरल्या म्हणून मी आले."

पुढच्या वर्षी पाडव्याला आठवडा असताना शकुंतलाबाई फाटकाशी आल्या. कडेवर नवी नात होती, मागे आणखी दोघी जणी तान्ही बाळं घेऊन उभ्या होत्या.

"काय अण्णा," त्या जरा नाराजीनेच म्हणाल्या, "यंदा पाला अजून बांधला नाही? नात नऊ महिन्यांची झाली की."